हिरव्या लुगड्याच्या बाया

२२ सप्टेंबर, सोमवार
सगळ्यात पयले कोन आलं म्हनाल, तं मनकर्णाबाई! मी जिवतीहून ऊर्जानगरले येऊन पिशव्या सोडल्या नाई, अन् हे हिरव्या लुगड्याची अनोयखी बाई दारात हजर, नाव तिनंच सांगतलं. लोक म्हनतेत क्वार्टरात कोनी कोनाले पुसत नाई. खोटं हाये. बुढा तिकडे कापसातून वानरं हाकलून राह्यला, मी इथी नातीपाशी चहा पिऊन राह्यली. मजा हाये माही!

नात दिव्यानी घरीच बसून एका ऑनलाइन दुकानाच्या कंपूटर-मशीनी पाह्यते. त्या दूर कुठीतरी हायेत. दसऱ्याची गिऱ्हाइकी वाढली का आपोआप नव्या उभ्या होतेत, एकाच साच्यातल्या. म्हटलं, बापा, विटाच पाडतेत! लय हासली पोरगी.

मनकर्णाबाईनं तिले लहानपनीची शाळा पुसली. जाताना मी बाईले कुंकू लावलं. आमच्यात कुंकू लावलं का बाई पुन्हा येतेच. बोट घसरलं, कुंकू भुवईवर गेलं. म्हटलं, बह्यनीईलेही आना.

२४ सप्टेंबर, बुधवार
आनली! दोघी हुबेहूब, जुळ्या असतीन. पन दुसरीच्याही भुवईवर माह्याच बोटाचं कुंकू. तिले तं मी लावलंच नाई.

दोघीनं शाळाच पुसली. दिव्यानी सांगता सांगता थांबली, कप हातातच. मंग म्हने, आजी, मशीनी वाढवल्या तरी काम हळूच चालते. साऱ्याईचा माल एकाच कोठीत, अन् कोठी एका वेळी देते तेवढंच देते. बाकीच्या वाट पाहत उभ्या. म्हटलं, म्हंजे हापशी एक अन् पान्याच्या गुंड्या गावभरच्या. तिचा साहेब दिनेश फोनवर म्हने, आनखी वाढव.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
तिकडे मशीन वाढली का इथी बाई वाढते. दिव्यानीनंच दोन्ही मोजून दाखवलं. खाटेवर बाया, ओट्यावर बाया. साऱ्या तिलेच पुसतेत. पयली मैत्रीन कोन, बापाचा आवाज कसा. ते एकेकीले सांगते. सकाळी मी पुसलं जेवते का. तिचं ‘हो’ आलं ते दिवस बुडताना.

२८ सप्टेंबर
दिनेशले फोनवर हात जोडले, मशीनी बंद कर बापू. म्हने, दसरा झाला का आपोआप कमी होतेत आजी. बायाईले म्हटलं, जा. त्या कपाळ दाखवतेत. कुंकू लावून बलावलं ना तुमीच, म्हनतेत.

३० सप्टेंबर
दिव्यानीचे डोये उघडे. पापनी हालत— किती येळानं—
म्हटलं, मले ओयखतं ना बाई?

२ ऑक्टोबर, दसरा
कमी झाल्या. एकेक उठली. दिव्यानी तशीच— उत्तर नाई अजून—

शेवटची दारात हाये. येते म्हने. १८ तारखेले, धनतेरसले, दिवाळीच्या गर्दीत. साऱ्या. एकटी पोरगी पुरत नाई, तवा आजी आता तुमचंही सांगा. मायचं नाव पुसलं.

माहीत हाये मले. मायचं नाव— थांबा, माहीत हाये— माय—