फणसाची चौकट

बाबा, तुम्ही दाराचं माप मागवलंत आणि मी ते कळवलं, तिथेच सगळं चुकलं. तुम्ही सुतार, सुताराला सवयच असते, दिसेल ते मोजायची, असं म्हणून मी क्वार्टरचं दार दोरीने मोजलं आणि कार्डावर आकडे लिहून टाकले. त्याआधीच्या कार्डात 'घर मिळालं' एवढंच लिहिलं होतं. घर कारखान्याचं आहे, नोकरी सुटली की तेही सुटणार, हे लिहायचं विसरलो नव्हतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून गाळलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. रत्नागिरीत आपण खोतांच्या वाडीत राहत होतो. दाराशी चार अळवाचे कंद लावायचे तरी त्यांना विचारावं लागे. अर्ध्या गावाच्या चौकटी तुमच्या हातच्या, आणि आपल्या दाराला मात्र माडाच्या झावळ्यांचा झाप. मुंबईत काम मिळालं असतं, पण तिथे एका खोलीत दहा पुरुष. बायकोला कुठे नेणार? मध्य प्रदेशात कामाबरोबर दोन खोल्या मिळत होत्या, म्हणून निघालो. बंदरावर तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तिकडं सवताचा घर कर. मना काय जमला नाय, तू कर." मी हो म्हणालो. बोट समोर उभी असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

सहा महिन्यांनी स्टेशनातून निरोप आला, पार्सल आहे. गोणपाटात शिवलेले फणसाचे चार तुकडे. दोन उभे खांब, उंबरा, आणि गणपती कोरलेली गणेशपट्टी. तेल पाजून पिवळेधमक केलेले, खाचांवर खुणा, एकही खिळा नाही. सोबत गुरुजींकडून लिहून घेतलेली चिठ्ठी: 'आधी उंबरा बसव, मग आत जा.' मी तर कधीचाच आत राहत होतो, सिमेंटमध्ये गाडलेल्या लोखंडी चौकटीतून ये-जा करत होतो. तरी ऑफिसात विचारायला गेलो. कारकून मान वर न करता म्हणाला, "यहाँ कील ठोकनी हो तो भी अर्ज़ी लगती है." संध्याकाळी तुम्हाला लिहिलं, 'चौकट बसली. केसभरही फट नाही.'

दोन वर्षं ते तुकडे खाटेखाली होते. झाडताना बायकोला अडत, रांगणाऱ्या पोराला लागत. मग बाजारातल्या किराणावाल्याने घर बांधायला काढलं आणि मी चौकट त्याला विकली. हो बाबा, विकली. घर झाल्यावर बघायला गेलो, तर खरंच केसभर फट नव्हती. तुम्हाला लिहिलं होतं तसंच झालं, फक्त घर दुसऱ्याचं. तुमच्या हातच्या कामाच्या नशिबी तेच.

मे महिन्यात रजेवर आलो की तुमचं एकच असायचं.

"यकदा ने रं मना. उंबऱ्यावर बसून पान खातो नि परत येतो."

"फुडच्या वर्साला, बाबा. औंदा तिकडं पान्याचे लय हाल हायत."

पुढच्या वर्षी ऊन, त्याच्या पुढच्या वर्षी पोरांना गोवर. तुम्ही मान हलवायचात आणि रंधा पुसत बसायचात. मला तुमच्याकडे बघवायचं नाही, म्हणून मी उगाच विहिरीवर जायचो. एकदा तर किराणावाल्याला विचारायला गेलो होतो, एक दिवस माझ्या वडिलांना तुमच्या दारात आणू का, म्हणून. पण दुकानात गिऱ्हाइकं होती. साखर घेऊन परत आलो.

निवृत्त झालो त्याच महिन्यात क्वार्टर खाली करावं लागलं. आता त्याच गावात भाड्याच्या खोलीत आहोत. रत्नागिरीला आपलं काही नव्हतंच, आणि इथेही काही झालं नाही. पोरं कामासाठी आणखी लांब गेली आहेत. 'घर मिळालं' असं त्यांचं पत्र आलं की मी पुढे काही विचारत नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. तुम्ही गेल्याची तार मला कामावर मिळाली. ती वाचल्यावर आधी मला सुटल्यासारखं वाटलं, बाबा. आता तुम्ही यायचं म्हणणार नाही, हे पहिलं मनात आलं. रडू त्यानंतर आलं.