कपाटातला बिल्ला

प्रिय दादा,

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणून वर्षभर गप्प होतो. काल कॉलेजातल्या व्याख्यानाला गेलो आणि ते जमेना.

विषय होता, अंतराळवीरांना घातक किरणांपासून कसं वाचवायचं. काय थाट रे त्यांचा! सूर्यावर वादळ उठलं की यानातल्या जाड आडोशाला जाऊन बसायचं. अंगाला किती किरण लागले ते मोजणारं यंत्र कायम सोबत. मर्यादा भरली की पुन्हा उड्डाण नाही.

अध्यक्ष कोण, ओळख? तुझे डॉक्टरसाहेब! ज्यांच्या दवाखान्यात तू जन्मभर एक्स-रे काढलेस. "माणसाचा जीव अनमोल आहे," म्हणाले. मी हात खिशात कोंबून बसलो. बाहेर असते तर कुठे पडले असते, सांगता येत नाही.

अनमोल जीवासाठी त्यांच्याकडे किरण अडवणारा शिशाचा एकच एप्रन, तोही भेगाळलेला. खंडेनवमीला तू त्याला झेंडूचा हार घालायचास. एरवी तो खुंटीवर. लेकरू हललं की फोटो बिघडतो, म्हणून त्याच्या आईला बाहेर काढून तूच त्याला धरून उभा राहायचास. वॉर्डबॉय भिंतीआडून बटण दाबायचा. त्याला अक्कल होती, तुला का नव्हती?

आणि छातीवर लावायचा तो किरण मोजणारा बिल्ला! तो कपाटात. विचारलं तर म्हणालास, "आरं, दवाखान्याची वस्तू हाय. खराब झाली तर सायेब खवळतील की."

साहेब रोज तुझी मोकळी छाती बघत होते. कधी हटकलं? तू रक्ताच्या कर्करोगानं झिजत होतास, तेव्हा मात्र त्यांनी शांतपणे सांगितलं, बिल्ल्यावर काहीच नोंद नाही, म्हणजे कामाचा संबंध नाही. खरंच की! तुझा बिल्ला ठणठणीत होता.

आज कुंभारीला घरी गेलो. तुझी लेक वैशाली सोमवारपासून त्याच खोलीत कामाला लागतेय. तिला नवा बिल्ला मिळालाय. वहिनीनं हळदकुंकू लावून तो तुझ्या फोटोपुढं ठेवला होता. म्हणाली, "उद्या कपाटात ठिवते, भाऊजी. ह्यांच्यासारखा जपायचा."

ह्यांच्यासारखा! दादा, हे शिकवून गेलास?

मी नको तेवढं बोललो. वहिनी रडली. वैशाली उसळली, "काका, तुमी पेपरात गमतीचं लिहिता, लोक हसतात. तितं साहेबांसमोर कोण बोलणार? मी बोलले तर नोकरी जाईल की!"

तर ऐक. सोमवारी मी तिच्याबरोबर जाणार. बिल्ला आणि धड एप्रन तिच्या अंगावर चढल्याशिवाय तिला यंत्राला हात लावू देणार नाही. डॉक्टरसाहेबांना काय वाटायचं ते वाटो. नोकरी गेली तर पोरगी माझ्या नावानं बोटं मोडत घरी येईल. येऊ दे. घरी तरी येईल!

तुझा तोंडाळ धाकटा,
सुधीर