लेबर चार्ज, टॉवेल आणि चाळीस पावलं

पिंपळवंडी

निरगुडसर मुक्कामी व्याही श्री. बाळासाहेब यांना गेणभाऊचा रामराम.

इकडे सगळे धडधाकट आहोत, तुम्हीही असाल. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? (उन्हात बसून तेल चोळायला सांगा, पण माझं नाव सांगू नका, नाहीतर चोळायच्या नाहीत.) फोन केला की तुम्ही 'बघू' म्हणून ठेवता, म्हणून हे पत्र. आमच्या लेकीकडून, हर्षालीकडून, तुमचा निरोप मिळाला. बेल्ह्याच्या बाजारात तुमची गाय विकून दिली, तेव्हा टॉवेलाखाली दहा मिनिटं हात धरायची मी दोन हजार दलाली घेतली, तीही व्याह्याकडून. ते आधी पटवून द्या, मग पोरीला बाळंतपणाला न्यायची तारीख काढू, असं तुमचं म्हणणं. तिला सातवा सरत आला. दलालीचं शेवटी लिहितो. आधी गाडीचं ऐका, कारण लेकीला आणायला ती गाडीच लागणार होती.

गाडीचं पुढचं डावं चाक खड्ड्यात खडखड वाजायला लागलं. एरवी गावच्या मिस्त्रीकडेच नेली असती, पण पोटुशी लेक बसणार, म्हणून म्हटलं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवू. हायवेला काचेची इमारत आहे. आत इतकं गार की मी टॉवेल पांघरून बसलो. चहा फुकट होता (तीन घेतले, तेव्हाच शंका यायला हवी होती). काचेतून काम दिसत होतं. मेकॅनिकने चाक काढलं, एक रबर बदललं, चाक लावलं. घड्याळ लावून बावीस मिनिटं. बिल आलं: रबर तीनशे ऐंशी, लेबर चार्ज दोन हजार शंभर. तिथल्या अमृत नावाच्या टायवाल्या ॲडव्हायझरने समजावलं, की कुठल्या कामाला किती वेळ धरायचा हे कंपनीने आधीच ठरवलेलं असतं, माणसाने ते किती वेळात केलं याचा संबंध नाही. या कामाला दीड तास आहे. मी म्हटलं, मग माझा उरलेला एक तास आठ मिनिटं कुठे आहे? तो द्या, मी इथेच बसून चौथा चहा घेतो.

मग माझ्या हातून एक चूक झाली. आमच्या जनावरांच्या बाजारात चारचौघांत आकडा बोलत नाहीत, टॉवेलाखाली बोटं धरून सांगतात. सवयीने मी त्याचा हात ओढला, वर टॉवेल टाकला आणि पाच बोटं धरली, म्हणजे मजुरीचे पाचशे घ्या. इतका वेळ छापील बोलणारा माणूस एकदम आपल्यासारखा बोलायला लागला. "काका, हात सोडा, वर कॅमेरा हाय! मी नाय घेत असलं काय!" त्याला वाटलं मी लाच देतोय. सगळं शोरूम माझ्याकडे बघत होतं.

गलका ऐकून मेकॅनिक गोकुळ (हा मंचरचा) हात पुसत आला आणि हळूच म्हणाला, "काका, त्यातलं मला काय मिळतंय? पगार ठरल्याला. चाकं धा काढा न्हाईतर येक." मला वाईट वाटलं. म्हणजे मजुरी मजुराला नाहीच. ती काचेला, गारव्याला आणि माझ्या तीन चहांना. (माझी दलाली मात्र अख्खी माझ्याच खिशात जाते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.)

शेवटचा उपाय उरला होता. बाजारात भाव जमेना की आपण पाठ फिरवतो. दहा-पंधरा पावलांत मागून हाक येते. चाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही. मी किल्ली काउंटरवर ठेवली, "राहू द्या मग!" म्हटलं आणि निघालो. (गाडी माझीच आहे, हे फाटकापाशी आठवलं.) वीस पावलं झाली. पावलं बारीक केली, चपलेतला नसलेला खडा काढला. चाळिसाव्या पावलाला हायवे आला. कोणी हाक मारली नाही. एसटी आली, बसलो.

एसटीत मनातल्या मनात त्यांना झाडत होतो: एवढ्याशा वेळाचे एवढे पैसे घेताना काही वाटत नाही का? नारायणगावाला ध्यानात आलं, की हे वाक्य तुमचं आहे. तुमचं गिऱ्हाईक पंचेचाळीस हजारांवर अडलं होतं, मी बावन्नला आणलं. दहा मिनिटांत आणलं म्हणून दोन हजार जास्त वाटले. दुपारपर्यंत लोंबकळत ठेवलं असतं तर तुम्ही वर जेवायला घातलं असतं. हे मला अजूनही बरोबर वाटतं. पण मग त्यांचंही बरोबर ठरतं, आणि ते मला मान्य नाही. तेव्हा पटवून देणं काही जमलं नाही.

आपला,
गेणभाऊ

ता. क. दोन हजार पाकिटात घातले आहेत. एवढ्यात गाडी जवळजवळ सुटली असती, पण पोर आधी.

दुसरा ता. क. गाडी तीन दिवस तिथेच आहे. त्यांचा फोन नाही, माझाही नाही. तर रविवारी हर्षालीला तुमच्याच जीपमधून आणून सोडाल का? सावकाश चालवा. वेळ कितीही लागू द्या.

शेवटचा ता. क. महिनाभर तुम्ही पाठ फिरवून चालला आहात, तेही पावलं बारीक करून, मी ओळखतो. बाजारात जो हाक मारतो तो हरतो. हर्षालीच्या आईने तिची खोली दोनदा झाडली, आणि मलाही लेकीवाचून करमत नाही. पावणं, ही हाक समजा आणि वळा.