अर्धी पात

तेल्हारा,
१८ डिसेंबर १९६६

प्रिय मैना,

नांदगावाहून टाकलेलं तुझं कार्ड परवा मिळालं. 'बाबा गेले' हे दोन शब्द मी चार वेळा वाचले आणि वर्गात मुलांसमोरच रडले. शेवटी तू विचारलं आहेस, की अंथरुणातून उठवत नसताना बाबांनी कापूस वेचायची ती जुनी ओटी धुऊन का मागितली, आणि 'मले तेल्हाऱ्याले जा लागते' हा एकच हेका का धरला. तापात बरळत होते, असं तुम्हा सगळ्यांना वाटलं. मैना, गुरुजी बरळत नव्हते.

छप्पन साल आठव. आम्ही नुकतीच दीक्षा घेतली होती, पोरीनं शिकावं असं आईला मनापासून वाटत होतं. पण कापूस फुटला की ती एकटी किती वेचणार? सातवीच्या ऐन वर्षात मी शाळा सोडून पऱ्हाटीत, कपाशीच्या झाडांच्या माझ्या वाट्याच्या ओळीला, माझ्या पातीला उभी राहिले. तिसऱ्या दिवशी उजाडता तुझे बाबा, आमचे गुरुजी, शेताच्या धुऱ्यावर हजर! धोतर वर खोचलेलं, कमरेला ओटी बांधलेली. आईला म्हणाले, "केशरबाई, पोरीची अर्धी पात मी वेचतो. पन अकराच्या घंटीले ती शाळेत पायजे." आई कळवळली, "मास्तर, लोक हासतीन ना तुमाले!" तर म्हणाले, "हासू द्या. दातच दिसतीन त्यायचे."

लोक हसलेच. सगळा हंगाम पातीच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. पऱ्हाटीआडून विचारायचे, तेरा सत्ते किती? उत्तर चुकलं की त्यांचे हात थांबायचे, हात थांबले की ओटी भरायची थांबायची. शेवटी मी चुकायचंच सोडून दिलं. वाळल्या बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं फाटायची. फळ्यावर लिहिताना ते ओठ दाबून धरायचे, आणि मला पहिल्या रांगेतून ते दिसायचं. तू एकदा फणकारून ऐकवलं होतंस, की तुझ्यापायी आमच्या आईला रोज बाबांच्या बोटांना एरंडेल चोळावं लागतं. तेव्हा तुझा किती राग आला होता! आज ते चोळायला मिळालं असतं तर मी धावत आले असते.

पुढचं तुला ठाऊकच आहे. सातवीची फायनल पास झाले, अमरावतीला ट्रेनिंग केलं, इथे मास्तरीण झाले. गुरुजींना दर महिन्याला पत्र टाकायचे, आठ दिवसांत उत्तर यायचंच. दिवाळीनंतरच्या पत्राला मात्र आलं नाही. मी इथे रुसून बसले. ते आजारी असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या पत्रात काय होतं, ते तुला सांगायचं म्हणून हे लिहिते आहे. मी मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं, की माझ्या वर्गात शिस्त म्हणजे शिस्त. आईबरोबर कापूस वेचायला जाते म्हणून महिनाभर शाळेत न आलेल्या रुख्मिणीचं नाव मी पटावरून कमी केलं. गुरुजी शाबासकी देतील, असं वाटलं होतं गं मला. त्यांनी रागाचा एक शब्द लिहिला नाही. ओटी धुऊन मागितली. अमरावतीला मोटार बदल, अकोल्याला बदल, असं करत ते इथवर कसे येणार होते, कोण जाणे. पण मी करायला हवं होतं ते काम करायला ते निघाले होते. रुख्मिणीचं नाव मी काल परत लिहिलं. आज उजाडता तिच्या पातीला उभी राहिले, उद्याही जाईन. अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे, बोटं फाटली आहेत. ती धुतलेली ओटी अजून कुणाला दिली नसशील, तर मला पाठव.

तुझीच,
जाई