पट्टीवरच्या खाचा

दि. ९, मंगळवार
दुकानातून, दुपारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय. दुकानात घड्याळं दुरुस्तीला येतात त्याहून नुसता वेळ विचारायला येणारेच जास्त. तुमची खुशाली तुझ्या बायकोकडून कळते, कारण फोन नेहमी तीच उचलते. चार वर्षं तुझा आवाज ऐकला नाही. खरं सांगतो, तिनेच तुझे कान भरलेत असं मी धरून चाललो होतो.

पत्राचं कारण वेगळं आहे. सुट्टीत तुझी पुतणी तुझ्याकडे आठ दिवस राहून आली, तेव्हा तू तिला आपल्या लहानपणचं काही सांगितलंस का? खरं सांग.

झालं असं, की गेल्या आठवड्यात मला शाळेत बोलावणं आलं. तिच्या वर्गातली एक मुलगी बोलताना अडखळते. तिचा शब्द अडकला की आमची कन्या बाकावर पट्टीने ठोकते. टक, टक, टक. मग अर्धा वर्ग ठोकतो. त्या मुलीने आठ दिवस वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

मी आधी बाईंवरच घसरलो. सहामाहीला त्यांनीच हिचे गुण कापले होते, म्हणजे डूख धरलेला असणार. मग वाटलं, ती मुलगीच कांगावखोर असेल. घरी येऊन दप्तर उलटं केलं. पट्टीची कड खाचांनी भरली होती.

असं ठोकणं घरात फक्त तुला आणि मला माहीत. म्हणजे तूच सांगितलंस, मला खाली बघायला लावायला! तिला समोर बसवलं.

"काकाने शिकवलं ना?"

"काका? काका किती छान गोष्टी सांगतात. वेळ लागतो, पण सांगतात."

"मग कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की, बाबा. गिऱ्हाइकाला चटकन सांगता आलं नाही की तुम्ही काउंटरच्या काचेवर चिमटा ठोकता. आजीला शब्द आठवला नाही की ताटावर ठोकता. मी बोलताना तर ठोकताच. आत्ताही ठोकताय."

खाली बघितलं. बोट टेबलावर चाललंच होतं.

"अगं, पण तू त्या मुलीला का ठोकून दाखवतेस?"

पट्टीच्या खाचांवरून नख फिरवत म्हणाली, "तुम्ही ठोकलं की मी गप्प होते. तिथे माझ्यामुळे दुसरं कुणीतरी गप्प होतं."

आता टाळत आलो ते लिहितो. लहानपणी तू अडखळलास की आपले बाबा जेवण थांबवायचे, आई घास हातात धरून बसायची. मला मात्र, "आटप, काय ते लवकर बोल." मला तुझा भयंकर राग यायचा. म्हणून शाळेच्या वाटेवर तुझा शब्द अडला की मी फाटकाच्या सळईवर दगड ठोकायचो. पोरं हसायची, तेवढा वेळ सगळे माझ्याकडे बघायचे. कारण सापडलं म्हणून मी सुटलो असं नाही, एवढं मला कळतं. तुझ्या बायकोवर मी उगाच संशय घेतला. पूर्वी तू फोनवर यायचास तेव्हाही, तू अडखळलास की मी इकडे ठोकत असणार, आणि तुला ते ऐकू जात असणार; म्हणूनच तू फोन घेणं सोडलंस.

काल मुलीला घेऊन शाळेत गेलो. तिने माफी मागितली. ती मुलगी बोलू लागली आणि पहिल्याच शब्दाला अडली. मी हात खिशात घातले. आम्ही थांबलो. शेवटी ती म्हणाली, "तू ठोकलंस तर मी पुन्हा पहिल्यापासून सांगेन. कितीही वेळा." माझी मुलगी नुसती मान हलवत राहिली. तेवढीशी पोर, पण काय बोलली बघ. मला लाज वाटली रे.

हे वाचून तू म्हणशील, दादाचा यात काहीतरी डाव असणार. म्हण. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

रविवारी सकाळी दहाला फोन करतो. या वेळी तू उचल. दुकान बंद असतं, एका शब्दाला अर्धा तास लागला तरी मला घाई नाही. तुझी पुतणी समोर बसणार आहे. माझं बोट हललं की तिने फोन काढून घ्यायचा, असं ठरलंय.

तुझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारा,
तुझा दादा