मडक्यातला दहीभात

१२ नोव्हेंबर
खाडीकडच्या तुकड्यात पर्यटकांसाठी नव्या खोल्यांचा पाया घेतला. दहाच्या सुमाराला मशीन बंद. जाऊन बघतो तर खोदकाम करणारा बाळाराम मशीनवरून खाली उतरून हात जोडून उभा. शिंपल्यांचा जाड थर, त्यात गुरांचे दात, हाडं, आणि चार मडकी. तीन मोकळी होऊन वर आलेली, चौथं काठापर्यंत मातीत रुतलेलं.

"चाचा, हितं कुणाचा तरी वावर हाय. जागेच्या राखणदाराला दिल्याबिगर मी दांडा न्हाय हलवायचा."

म्हटलं, बाबा, राखणदार तुझा, जमीन माझी. काय लागतं ते सांग. नारळ आणि दहीभात. भात त्याच्या बायकोनं रांधला, दही आमच्या म्हशीचं. तिन्ही मडक्यांत मूठ मूठ वाढलं. चौथ्याचं तोंड मातीनं बंद, त्याला "नंतर देऊ" म्हणाला. संध्याकाळपर्यंत कावळ्यांनी, मुंग्यांनी सगळं चाटूनपुसून साफ.

मशीन मात्र मीच चालू करू दिलं नाही. एवढे दात एका जागी... तहसिलात कळवलं.

१९ नोव्हेंबर
पुण्याहून एक मुलगी आली, मृणाल. परवानगीचा कागद, दोन पेट्या, पाठीला पिशवी. असल्या जुन्या दात-मडक्यांवरच डॉक्टरेट करते आहे. कोपऱ्यातली खोली दिली.

म्हणते, दातावरून जनावर कुठल्या गवतावर वाढलं ते कळतं. मडक्यात शिजलेल्याचा स्निग्धांश भाजलेल्या मातीत मुरून बसतो, तो काढून दूध की मांस की मासळी, तेही सांगता येतं. तिला एवढंच हवंय: इथली जुनी माणसं नुसती कालवं खाऊन राहत होती, की गुरं पाळून भातही पेरत होती?

माझ्या मनात आलं, आपण शाळा सातवीत सोडली, दिघीच्या धक्क्यावर बर्फ फोडला, आखातात पाइप जोडले, आणि हे सगळं आपल्याच मातीत पडून होतं.

तिचा पहिलाच सवाल: "चाचा, मडक्यांत कुणी काही घातलं, धुतलं, असं नाही ना झालं?"

"छे, जशीच्या तशी."

का बोललो तसं? बाळाराम शेजारीच उभा होता. शहरातल्या मुलीनं त्याला हसू नये, एवढंच त्या क्षणी डोक्यात. तोही मान हलवून मोकळा झाला.

२ फेब्रुवारी
मोकळी तीन मडकी तपासायला पुण्याला नेली होती; मृणाल परत आली आहे, उरलेलं खणायला. सकाळी ओट्यावर फोनवर बोलत होती. मी पडवीत. कान आमचे पहिल्यापासून तिखट.

"सर, तिन्ही मडक्यांत दुधाचा अंश आहे! आणि तांदळाच्या स्टार्चचे कण पण. एकाच मडक्यात दोन्ही!"

माझा चहा तसाच राहिला.

बायकोला, सकिनाला, आत जाऊन सांगितलं. आधी तोंडाला ओढणी लावून हसली. "आपल्या म्हशीला इतिहासात घातलंत तुमी." मग ओढणी सोडून म्हणाली, "पोरीचं काय हो?"

४ फेब्रुवारी
पोरीची चार वर्षं या डॉक्टरेटमध्ये गेली आहेत. काल जेवताना म्हणाली, सरांनी परिषदेला निबंध पाठवायला सांगितलंय. भाकरी हातात तशीच धरून बोलत होती.

आणि माझं? बोर्लीचा एक पेपरवाला येऊन गेला, "पहिल्या शेतकऱ्यांची जागा" म्हणून छापतो म्हणतो. खोल्या वर्षभर भरलेल्या राहतील. आपल्याला फक्त गप्प बसायचंय. गप्प बसण्याइतकं सोपं काम आजवर कुणी दिलं नव्हतं.

बाळारामचं मत: "चाचा, राखणदारानं खाल्लं, म्हंजे आता त्याचंच झालं. खोटं कुठं हाय यात?"

वकील व्हायला हवा होता.

६ फेब्रुवारी
मृणालला सांगितलं. घावन खात होती. बाळारामला सोबत उभा केला होता.

ऐकून घेतलं. मग एवढंच, "दही गाईचं की म्हशीचं?"

"म्हशीचं."

"तिला काय घालता?"

"पेंढा. वर सरकी."

वहीत लिहून घेतलं. मग बाळारामकडे वळली, "भात किती?"

"मूठ मूठ, ताई. कंजूषी न्हाय केली."

ती हसली नाही. उठून खाडीवर जाऊन बसली. ओहोटी लागेपर्यंत तिथंच. परत आल्यावर म्हणाली, "निबंध कालच पाठवला, चाचा."

"मग?"

"मग काय. परत मागवायचा."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग सकिनाकडून वाटीभर दही बाटलीत भरून घेतलं, ताडून बघायला.

७ फेब्रुवारी
चौथ्या मडक्याबद्दल विचारत होती. म्हटलं, त्यात काहीच घातलं नाही, तोंडच बंद होतं.

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

बाळारामला हाक मारली. तो पोरांच्या शपथा घ्यायला लागला, तिनंच थांबवलं.

१८ फेब्रुवारी
चौथं मडकं भोवतालच्या मातीसकट काढलं, कापडात गुंडाळलं, वर प्लास्टर. टेंपो मी चालवला, पुण्यापर्यंत. घाटात मागून मृणालचं सारखं, "चाचा, हळू." यापेक्षा जोरात तर आमची म्हैस जाते.

वाटेत म्हणाली, दात आहेतच, दहीभात काही दातांत मुरत नाही. पण नुसत्या दातांवरून जनावर पाळलेलं होतं की रानात मारून आणलेलं, हे ठरवणं कठीण. मडकं बोललं तर...

उतरताना थर्मासमधला चहा आधी मला दिला.

१४ मार्च
मृणालचा निरोप: "चौथं उघडलं. तळाला काळा थर आहे. नमुना यंत्रात गेलाय. अजून काही सांगता येत नाही."

पेपरवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. पाया तसाच. खड्ड्यावर ताडपत्री, चार दगड.

संध्याकाळी बाळाराम कुंपणाशी घुटमळत होता. "चाचा, चौथ्याचं ऱ्हायलं हाय. जागेवर तरी ठेवू का थोडा दहीभात?"

सकिनानं आतून दह्याचं भांडं पुढं सरकवलेलं मी ऐकलं.

म्हटलं, थांब. आधी त्या मडक्यानं काय खाल्लं होतं ते त्यालाच सांगू दे.