आधी माणूस आत, मग दार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, सर्वेक्षण कार्यालयातली निवृत्त अनुरेखक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. चौतीस वर्षे दुसऱ्यांचे नकाशे गिरवले, हा कागद मात्र माझा आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. एरवी हे वाक्य रीत म्हणून लिहितात. माझ्या बाबतीत ते सिद्ध झाले आहे आणि डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम एक. दाखल्याची गरज का पडली ते आधी. निवृत्तीनंतर मी वरच्या खोलीतल्या भाडेकरू बाईंकडे चिनी अक्षरे शिकू लागले. बाईंची ती मातृभाषा. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, हे ठरलेले असते. आकार साधला पण क्रम चुकला तर बाई पान परत करीत. चौकटीत माणूस काढला की त्याचा अर्थ कैदी. आधी चौकटीची डावी बाजू, मग वरची आणि उजवी एका दमात, मग आत माणूस, आणि तळाची रेघ सगळ्यात शेवटी. बाई म्हणत, "आधी माणसाला आत घ्या, मग दार लावा." हे अक्षर मला जमेना म्हणून मी त्याच्या दोन वह्या भरल्या.

कलम दोन. माझा धाकटा भाऊ चार दिवसांसाठी म्हणून बायकोसह मागच्या खोलीत आला, त्याला अकरा वर्षे झाली. बोट दिले, त्याने मनगट धरले. घर माझ्या पगारातून बांधलेले. त्याला ते माझ्या हयातीतच हवे होते. त्याने डॉक्टरांना घरी आणून त्या वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "बघा डॉक्टर, दिवसभर पिंजरे काढत बसते. ताईला आता कुठेतरी ठेवायला हवं." डॉक्टरांनी मला अक्षराचा अर्थ विचारला. मी खरे तेच सांगितले, कैदी. धाकट्याचा चेहरा इतका तर लग्नातही खुलला नव्हता.

एवढ्यावरही त्याचे भागले असते. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. दुसऱ्या वहीच्या शेवटी त्याने स्वतःच तीन पाने वेडीवाकडी रंगवून ठेवली होती, माझे डोके दिवसेंदिवस बिघडते आहे असे दिसावे म्हणून. डॉक्टरांनी बाईंना खाली बोलावले. बाईंनी चष्मा लावून पाने उलटली. "ही तीन यांची नाहीत. यांची तळाची रेघ नेहमी वेगळी, शेवटी ओढलेली असते. इथं चौकट कुंचला न उचलता शून्यासारखी फिरवलीय आणि माणूस मागून कोंबलाय. त्याचा पाय बघा, दारावर चढलाय."

डॉक्टरांनी आम्हा दोघांना कुंचला दिला. मी वीस अक्षरे काढली. धाकट्याने एक काढले, तेवढे पुरले.

कलम तीन. माझ्या पश्चात घर बाईंना मिळावे. त्यांनी तिथे वर्ग चालवावा.

कलम चार. शिवणयंत्र भावजयीला. त्या दिवशी डॉक्टरांना चहा देताना ती "वन्स शहाण्या आहेत" एवढे बोलली. फार हळू बोलली, पण बोलली. मागच्या खोलीत तिने तहहयात राहावे, विनाअट.

कलम पाच. धाकट्याला अट आहे. माझे कुंचले, शाई उगाळायचा दगड आणि ती तीन पाने त्याची. रोज सकाळी नऊच्या आत त्याने बाईंसमोर बसून याच अक्षराचे एक पान भरावे. क्रम चुकला तर पान पुन्हा. सलग सात दिवस चुकवले तर खोली सोडावी. बाई फार कडक आहेत, हे अनुभवाने सांगते. मी सूड उगवते आहे असे कोणी म्हणेल. खुशाल म्हणावे, खरेच आहे ते.

कलम सहा. इथे आधी लिहिले होते की धाकट्याने माझ्यासमोर एकदा "ताई, चुकलं" म्हटले तर कलम पाच रद्द समजावे आणि अर्धे घर त्याला द्यावे. सव्वा वर्ष वाट पाहिली. काल तो माझ्या खोलीत आला, खुर्ची ओढून बसला, घसा खाकरला. मी पेन खाली ठेवले.

तो म्हणाला, "ताई, घराचे कागद कुठं असतात गं? तुझं काही बरंवाईट झालं तर शोधाशोध नको."

कलम सहा खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

हे मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यादेखत सही केली. त्यांनी माझ्यादेखत केली. बाईंना घर मिळते, म्हणून त्यांची सही घेतलेली नाही.

स्थळ : माझे घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ९ मार्च २०२६, सोमवार

(सही) मृत्युपत्र करणारी, थोरली बहीण

साक्षीदार :
१. (सही) शेजारचे घड्याळजी
२. (सही) डॉक्टर, धाकट्याने स्वतः आणलेले